चार आण्यांचं आभाळ

हरेश्वर म्हाताऱ्याने एकदा भरलेला ढग खाडीवरून माघारी धाडला होता, अशी भांडुपच्या मिठागरात बोलवा होती. ढग म्हणे अर्ध्या खाडीपर्यंत आला, म्हाताऱ्याला बांधावर बसलेलं बघितलं, आणि शाळा बुडवलेल्या पोराला वाटेत मास्तर दिसावा तसा मुंब्र्याच्या डोंगराआड गुपचूप वळला. यातलं खरं इतकंच, की ढग आला होता आणि म्हातारा बांधावर बसला होता. वरचं मीठ लोकांनी लावलं. मिठागरातल्या लोकांना मिठाला काय तोटा!

पण पावसाचे आणे सांगायचा तो हरेश्वरच. दुसरा कोणी आभाळाकडे बघून 'पडेल' म्हणायचा, नाहीतर 'नाही पडणार'. हरेश्वर तसं कधी बोलला नाही. सकाळी बांधावर उकिडवा बसायचा, नाक वर करायचा, बोटाला थुंकी लावून वाऱ्यात धरायचा आणि म्हणायचा, "दोन आने." किंवा "आठ." सोळा आणे म्हणजे पडणारच, शून्य म्हणजे नाहीच. ही दोन टोकं मात्र त्याच्या तोंडून कोणी ऐकली नव्हती. बाजारातून आणे हद्दपार होऊन तीस वर्षं होत आली होती. आभाळाला ते कोणी कळवलं नव्हतं.

त्याची सून अंजनाबाई हे आणे पंचवीस वर्षं ऐकत आली होती. ऐकायची आणि कामाला लागायची. मिठागरात बाईला विचार करायला दोनच वेळा मिळतात. एक डोक्यावर पाटी असताना आणि दुसरी टाचांच्या भेगांत मेण भरताना. दोन्ही वेळेला विचार फार लांब जात नाही.

त्या वर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, सोमवारी, शेठचा मुनीम शरच्चंद्र छत्री उन्हाला धरून बांधावरून चालत आला. अंजनाबाई आणि तिचा नवरा अनंता वाफ्यात होते. पोटरीपर्यंत खारं पाणी, हातात लांब दांड्याची फळी. पाण्यावर दुधाच्या सायीसारखी मिठाची साय धरायला लागली होती. ती फळीने मोडून खाली बसवायची, म्हणजे दाणा धरतो. दिवसातून तीनदा. साय मोडली नाही तर पापुद्रा होतो, आणि पापुद्रा कोणी घेत नाही.

शेजारच्या वाफ्यांत दादू आणि त्याची बायको सुगंधा तेच करत होती. मुनिमाने दोन्ही जोडप्यांना हाक मारून बांधावर बोलावलं. स्वतः मात्र चप्पल ओली होऊ नये म्हणून एका दगडावर उभा राहिला.

"पुढल्या हंगामाला हायवेकडचे वाफे भरावात जाणार," मुनीम म्हणाला. "गोडाऊन होतायत. राहतात नऊ. नऊ वाफ्यांवर दोन घरं शेठ ठेवणार नाही."

"मंग कंचा ठेवनार?" दादूने विचारलं.

"शनिवारी ट्रक येईल. हा शेवटचा उतारा. ज्याचा दाणा जाड, त्याचे वाफे. शेठ म्हणाले, भांडणं नकोत, मीठच सांगेल."

"आनि पाऊस आला तर?" अनंता म्हणाला.

"तर मग मीठ काही सांगणार नाही," मुनीम म्हणाला आणि दगडावरून उतरताना चप्पल ओली करून घेतलीच.

सुगंधा आणि अंजनाबाई एकमेकींकडे बघून हसल्या. सवयीने. मग दोघींच्याही लक्षात आलं आणि दोघी आपापल्या वाफ्यात उतरल्या.

हिशेब सोपा होता. शनिवारपर्यंत मीठ वाफ्यात राहिलं तर दाणा हरभऱ्याएवढा होणार. आधी ओढून बांधावर रास केली तर सुरक्षित, पण दाणा रव्यासारखा. आणि वाफ्यात असताना पाऊस आला, तर तीन आठवड्यांचं मीठ पुन्हा पाणी. पाण्याला जाड आणि बारीक काही नसतं.

मंगळवारी सकाळी हरेश्वर काठी टेकत बांधावर येऊन बसला. अनंता, अंजनाबाई आणि त्यांचा मुलगा चंदर, तिघंही चहाचे कप हातात घेऊन त्याच्या तोंडाकडे बघत उभी होती. चंदर मुलुंडच्या एका कारखान्यात जायचा. पहिल्या पाळीला निघायच्या आधी बांधावर दहा मिनिटं उभा राहायचा, तेवढाच त्याचा मिठाशी संबंध.

म्हाताऱ्याने बोट वाऱ्यात धरलं. "चार आने."

"म्हंजे ठेवायचा," अनंता म्हणाला.

"चार आणे म्हणजे काय, आजा?" चंदर म्हणाला. आज त्याला पाळीची घाई दिसत नव्हती. "म्हणजे पाव पाऊस पडणार? का पाव वाफ्यात पडणार नि बाकीचं कोरडं?"

"पाऊस पडला तर सगला पडतं."

"मग? आजचा मंगळवार एकदाच येणार ना? एक तर पडेल, नायतर नाही. मधलं चार आणे कुठून आलं?"

म्हातारा काठीच्या टोकाने चिखलात एक खळगा करत राहिला.

"तुझा धंदा झकास आहे यार," चंदर म्हणाला. "पडला की म्हणणार, चार आणे बोललो होतो ना. नाही पडला की म्हणणार, बारा आणे कोरडंच होतं. तू कधी चुकतच नाहीस. जो कधी चुकतच नाही तो बरोबर पण कधी नसतो."

"चंदर!" अंजनाबाई म्हणाली.

"काय चुकीचं बोललो? रेडिओवाले पण 'शक्यता' बोलतात नि पगार घेतात. आजाला तर तो पण नाही."

तो हसत हसत हायवेच्या दिशेने गेला. कारखान्याची निळी पँट, पायात बूट. त्याच्या टाचांना भेगा नव्हत्या. अंजनाबाईला त्याचा राग आला आणि त्या बुटांकडे बघून बरंही वाटलं.

म्हाताऱ्याने उरलेला चहा चिखलातल्या खळग्यात ओतला. इतक्या वर्षांत त्याने चहा टाकलेला तिने बघितला नव्हता.

मंगळवार कोरडा गेला. बुधवारी सकाळी म्हातारा येऊन बसला, पण बोट वाऱ्यात धरलं नाही. अंजनाबाईनेच विचारलं, "बाबा, आज?"

"चार," तो खाली बघून म्हणाला. मोठ्याने बोलायची लाज वाटावी तसं.

बुधवारी ऊन असं होतं, की बांधावर ठेवलेलं फडकं अर्ध्या तासात पापडासारखं मोडत होतं. त्या उन्हात पाणी आटून दाणा धरतो, म्हणून उन्हाला शिव्या देता येत नव्हत्या. अंजनाबाईने तीनदा साय मोडली. मग उघाडीच्या झडपेतून खाडीचं पाणी आत घेताना तिचा पाय सरकला आणि गुडघा फळीच्या दांड्यावर आपटला. अनंताने लांबूनच विचारलं, "फली मोडली काय?"

"नाय. फली ठीक हाय," ती म्हणाली.

दुपारी नळावर सुगंधा भेटली. हंडा भरेपर्यंत बायका बोलतात, तेवढंच.

"काय बोललं तुजं सासरं?"

"चार."

"काल पन चारच ना?" सुगंधाने बोटांवर मोजलं. "काल चार, आज चार. आठ झालं. उद्याचं चार धर. बारा. शुक्रवारी भरलं सोला. शुक्रवारी पक्का पडतं गो."

अंजनाबाईने मनातल्या मनात बोटांवर मोजून बघितलं. बरोबर होतं. चार चोक सोळा, हे शाळेत न गेलेल्या बाईलाही येतं.

"मंग तुमी कवा ओढनार?"

"उद्या. गुरुवारी. सोला भरायच्या आदी." सुगंधाने हंडा कमरेवर घेतला. "रवा तर रवा. तुमी पन ओढा. दोगांचा सारका निगाला तर मुनीम बसंल डोका खाजवीत."

संध्याकाळपर्यंत सगळ्या बांधावर एकच बोली होती. शुक्रवारी सोळा भरणार. उघाडीवरचा राखणदारसुद्धा म्हणाला, आभाळाची भिशी शुक्रवारी फुटणार.

गुरुवारी सकाळी म्हातारा म्हणाला, "चार." तिकडे दादू आणि सुगंधाने पाट्या काढल्या.

अनंता फळी घेऊन उभा राहिला. "आपुन पन ओढायचा?"

"थांबा, बाबांना इचारते," अंजनाबाई म्हणाली. ती म्हाताऱ्याच्या शेजारी बांधावर बसली. बसल्यावर गुडघ्यातून कळ आली. "बाबा, उद्या सोला भरतील. खरा ना?"

"कसले सोला?"

"मंगलवारचे चार, बुदवारचे चार, आजचे चार, उद्याचे चार."

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं. मग त्याला हसू आलं. हसता हसता खोकला लागला, आणि खोकला इतका वेळ चालला, की तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठीत हाडं तेवढी होती.

"गो अंजने," दम लागलेल्या आवाजात तो म्हणाला, "आने काय साठतंन? आभाल काय भिशी लावतं? काल गेला तो गेला. त्येचे चार त्येच्यासंगती गेले. आभाल रोज सकाली नवा हात खेलतं."

"मंग रोज चार बोलला ते काय?"

"सोमवारी येवून मना इचारला असतास, चारी दिवसांत एकदा तरी पडंल काय, तर मी बोललू असतू अकरा. सोला कदी नाय. आता दोन गेले कोरडे, तिसरा चालू हाय. उद्याचा उद्या."

"अकरा कसे?"

"ते आभालाला इचार. मना येवडाच समजतं."

तिला नीट समजलं नाही. पण सुगंधाची बेरीज चुकली आहे, एवढं समजलं. आणि तरीही म्हाताऱ्यावर विश्वास ठेवायचा की चंदरवर, हे समजलं नाही. कधीच न चुकणाऱ्या माणसाचं ऐकून वाफे गमवायचे?

"तुमी घटकाभर थांबा," तिने अनंताला सांगितलं. "मी घरातना दोऱ्या घेऊन येते. रास झाकायला लागतील." दोऱ्या लागणार होत्याच, पण मुळात तिला थोडा वेळ एकटीला पाय पसरून बसायचं होतं.

घर गावठाणात, रेल्वेच्या अलीकडे. पोटमाळ्यावर जुन्या जाळ्याखाली हात घातला तर दोऱ्या निघाल्या. तीन होत्या. दोऱ्या कसल्या, गाठीच गाठी. काही गाठींत चिंध्या अडकवलेल्या. तिला एकदम सासू आठवली.

तिची सासू कृष्णाबाई फार कडक बाई होती. नवरा थापा मारतो याबद्दल तिची खात्री होती आणि त्याला रंगेहात पकडायचं तिने लग्नातच ठरवलं होतं. लिहिता येत नव्हतं, म्हणून दोऱ्या केल्या. आखूड दोरी चार आण्यांची, मधली आठांची, लांब बाराची. म्हातारा सकाळी चार बोलला की आखूड दोरीला एक गाठ. त्या दिवशी पाऊस आला तर त्या गाठीत एक चिंधी. पंधरा वर्षं, दर हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, तिने गाठी मारल्या. 'एक दिवस ह्या दोऱ्या तुमच्या गल्यात बांधीन,' म्हणायची. बांधायच्या आधी तीच गेली. मोजायचं राहून गेलं.

अंजनाबाई दारात पाय पसरून बसली आणि मोजायला लागली.

आखूड दोरीला गाठी चव्वेचाळीस. चिंध्या अकरा. तिने दोनदा मोजल्या. मग गाठींचे चार-चारचे ढीग मनात करून बघितले. अकरा ढीग. दर ढिगाला एक चिंधी.

मधल्या दोरीला सव्वीस गाठी, चौदा चिंध्या. निम्म्याला एक जास्त.

ती दोरी हातात धरून बसून राहिली. म्हणजे म्हातारा थापा मारत नव्हता. कुठल्याही एका गाठीकडे बघून काही कळत नव्हतं. गाठ कोरडी होती किंवा तिला चिंधी होती, चंदर म्हणतो तसं. पण सगळी दोरी हातात घेतली की म्हातारा खरा निघत होता.

मग तिने लांब दोरी मोजली. बारा आण्यांच्या सोळा गाठी. चिंध्या बारा निघायला हव्या होत्या. निघाल्या आठ.

"अगो बाय!" ती एकटीच हसली. बारा बोलताना म्हातारा चढायचा. भीतीने असेल किंवा मोठेपणाने. त्याचे बारा म्हणजे आठच. सासूने शेवटी पकडला होता.

दोऱ्या कमरेला गुंडाळून ती परत आली. ऊन डोक्यावर होतं. दादू आणि सुगंधाचे अर्धे वाफे ओढून झाले होते. सुगंधा डोक्यावर पाटी घेऊन बांधावर चढत होती. चुंबळीतून खारं पाणी ओघळून डोळ्यांत जात होतं. हात मोकळे नसल्याने डोळे मिटून, पायांनीच वाट शोधत ती चालली होती.

"काय गो," तिने हाक मारली, "आज नाय ओढत काय?"

अंजनाबाई थांबली. कमरेला तिन्ही दोऱ्या होत्या. आणे साठत नाहीत, एवढं सांगायचं होतं. थांब, उद्याचे पण चारच असतील, असं म्हणायचं होतं. चार शब्दांचं काम.

"बघू," ती म्हणाली.

सुगंधा पाटी उपडी करायला पुढे गेली. पडलं ते मीठ खरोखरच रव्यासारखं होतं.

अंजनाबाईने अनंताला सांगितलं, "आज ठेवायचा." त्याने कारण विचारलं नाही. तो इतका थकलेला होता, की 'ठेवायचा' म्हटल्यावर कारणाची त्याला गरज वाटली नाही.

शुक्रवारी सकाळी मात्र वारा फिरला. मुंब्र्याच्या डोंगरावर काळपट रेघ होती. म्हातारा काठी न टेकताच बांधावर आला, बराच वेळ उभा राहिला, आणि मंगळवारनंतर पहिल्यांदा मोठ्याने बोलला, "बारा."

शेजारच्या बांधावरून सुगंधा ओरडली, "बोललू ना! सोला भरले बग!" तिची रास गवताने शाकारून, वरून दगड ठेवून तयार होती. ती तिच्यावर टेकून बसली होती. चार दिवसांत पहिल्यांदा बसली असावी.

अनंताने फळी उचलली. "वाट लागली. ओढ, ओढ सगला. मी बोलत व्हतू काल."

"बारा नाय. आठ," अंजनाबाई म्हणाली.

"बाबा बारा बोलला."

"त्यांचे बारा म्हंजे आठ. तुमच्या आईने गाठी मारून ठेवल्यान."

अनंता तिच्याकडे बघत राहिला. उन्हाने बायकांना असं होतं हे त्याने ऐकलं होतं.

"अर्धे ओढू," ती म्हणाली. "आपल्या नवांतले चार वाफे नि पाचव्याचा अर्धा. बाकीचे ठेवू. आठ आने हायत तर अर्धे."

म्हाताऱ्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. चंदरने विचारलेलं त्याला आठवलं असावं. पाऊस अर्धा पडत नाही. वाफे मात्र अर्धे ओढता येतात. मंगळवारपासून तो जे उत्तर शोधत होता ते सुनेच्या हातात फळी होऊन वाफ्यात उतरलं होतं. त्याने धोतर वर खोचलं आणि वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी पाटी धरायला वाफ्याच्या कडेला येऊन उभा राहिला.

सकाळपासून दुपारी तीनपर्यंत ओढलं. मीठ कडेला ओढायचं, पाणी निथळू द्यायचं, पाटीत भरायचं, बांधावर चढायचं, उपडी करायची, उतरायचं. अनंताच्या तळहाताची साल निघाली, त्यात मीठ गेलं, आणि तो तोंडाने एकसारखा 'स्स, स्स' करत ओढत राहिला, जसा काही तोच फळीचा आवाज होता. अंजनाबाईचा गुडघा नारळाएवढा झाला. अकरा वाजता भाकरी आणि सुका जवळा उभ्यानेच खाल्ला. एकदा म्हातारा पाटीसकट बसला आणि उठेना. दोघांनी धरून बांधावर नेला तर म्हणाला, "मीट बग. बरा दाना हाय." शुक्रवारचा दाणा खरोखर बरा होता. रवा नव्हता, मुगाएवढा होता.

चार वाजता आभाळ काळं झालं. हायवेवरच्या ट्रकांनी दिवे लावले. वारा असा आला, की सुगंधाच्या राशीवरचं गवत उडून खाडीत गेलं आणि ती त्याच्यामागे धावली. अंजनाबाई ठेवलेल्या वाफ्यांच्या कडेला उभी होती. पाण्याखाली दाणे दिसत होते, पांढरे, जाड, एकमेकांना खेटलेले. पाण्यावर एक थेंब पडला आणि वर्तुळ झालं. दुसरं वर्तुळ. तिसरं. तिने मोजली. सात झाली. आठवं झालं नाही.

ढग खाडीवरून उत्तरेला सरकला. मुलुंडच्या अंगाला करड्या पडद्यासारखा पाऊस पडताना तिथून दिसत होता. वास आला. आवाजसुद्धा आला. इकडे पाण्यावर वाऱ्याच्या सुरकुत्या तेवढ्या होत्या.

पाचच्या सुमारास चंदर आला, नखशिखान्त भिजलेला, बुटातून पाणी वाजवत. "पडला ना, आजा! मुलुंडला गुडघाभर!" बांधावर पोहोचल्यावर त्याने कोरड्या मातीकडे बघितलं. भरल्या वाफ्यांकडे बघितलं. "इथे नाही?"

"सात थेंब," अंजनाबाई म्हणाली.

"मग आता काय धरायचं? आजा बरोबर की चूक?"

"गाठ धरायची," ती म्हणाली, आणि लांब दोरीला सतरावी गाठ मारली. चिंधी लावली नाही.

चंदरने दोरी हातात घेतली. तिने सांगितलं ते ऐकलं, गाठी स्वतः मोजल्या. मग आजाच्या शेजारी ओल्या कपड्यांनी बसला. "बारा बोलताना फेकतोस, आजा," तो म्हणाला.

"तुजी आजी पन तेच बोलायची," म्हातारा म्हणाला. त्याला फार बरं वाटलेलं दिसलं.

शनिवारी पहाटे उरलेले वाफे ओढले. दाणा हरभऱ्याएवढा. मुनीम आला, दोन्ही राशींत हात घातला. सुगंधाच्या राशीतलं मीठ त्याच्या बोटांतून पिठासारखं गळलं. अनंताच्या राशीतलं हातात राहिलं. मीठ बोललं.

सुगंधा मुनिमाला काही म्हणाली नाही. ती म्हाताऱ्यासमोर येऊन उभी राहिली. ट्रकचा ड्रायव्हर, पाट्या वाहणारी माणसं, सगळी ऐकत होती.

"चार चार करून सोला सांगितलास म्हाताऱ्या. आमी ओढला. तुमी नाय ओढला. घरात काय दुसरे आने सांगतोस काय रं?"

"मी सोला नाय बोललू, पोरी."

"चार चोक किती व्हतंन?"

म्हातारा मान खाली घालून बसला. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला चार चोक विचारले गेले. अनंता मध्ये पडायला गेला, तर अंजनाबाईने त्याचा हात धरला. तिला स्वतःला बोलायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण काय बोलायचं? गुरुवारी दुपारी मना ठाव व्हता, म्हणून? तेवढ्यात ड्रायव्हरने भोंगा दिला आणि पाट्या उचलायची वेळ झाली.

दादू पावसाळ्यात भरावाच्या कामावर लागला. ज्या वाफ्यांत तो मीठ ओढायचा, त्यांत त्याने डेब्रिज पसरलं. सुगंधा घाटकोपरच्या बाजारात दुसऱ्याच्या टोपलीवर मासे विकायला जायला लागली. नळावर भेटायची. हंडा भरेपर्यंत दोघी हंड्याकडे बघायच्या.

त्या पावसाळ्यात म्हातारा अंथरुणाला लागला. श्रावणात एकदा अंजनाबाई त्याला पेज भरवत होती. त्याने विचारलं, "वाफे सुरू व्हतील तवा मी असन काय गो?"

"तुमीच सांगा. आने तुमचे."

त्याने बोट ओलं केलं, खोलीत वारा नव्हता तरी वर धरलं. "चार," तो म्हणाला.

तिने आखूड दोरी काढली आणि गाठ मारली. मेमधल्या मंगळवार, बुधवार, गुरुवारच्या तीन कोरड्या गाठी तिने आधीच मारल्या होत्या, तेव्हा ही अठ्ठेचाळिसावी. लुगड्याचा काठ फाडून एक चिंधी केली आणि ती कमरेला खोचून ठेवली.

दिवाळीनंतर उघाडी उघडली, नऊ वाफ्यांत पाणी घेतलं. पलीकडे भरावावर डंपर धूळ उडवत होते. पहिल्या सकाळी चंदरने आजाला पाठीवर घेऊन बांधावर आणून बसवलं. म्हातारा उन्हात डोळे मिचकावत बसला, कोणी तरी उधार आणून ठेवल्यासारखा.

"चुकलू गो अंजने," तो म्हणाला. "चार बोललू व्हतू. हाय तर."

"चुकला कुठं?" तिने कमरेची चिंधी काढून गाठीत बांधली. "चार बोलला होता. नाय, असा कुठं बोलला होता?"

चंदर हसला. या वेळी त्याने काही विचारलं नाही. त्याची पाळी होती, तो गेला.

ती फळी घेऊन उठली, आणि पुन्हा बसली. सहा महिने हे तिच्या तोंडात होतं.

"बाबा, त्या गुरुवारी मी सुगंधेला सांगितला असता, आने साठत नाय म्हनून. तर ती थांबली असती काय?"

म्हाताऱ्याने नेहमीच्या सवयीने बोट तोंडाकडे नेलं. मग थांबला. भरावाकडे बघितलं, जिथे दादू डोक्याला फडकं गुंडाळून डंपरला हात दाखवत होता. बोट तसंच कोरडं खाली आणलं.

"किती आने, सांगा ना."

"काय सांगू गो?" तो म्हणाला. "सांगितला तरी गाठ कंच्या दोरीला मारशील? तू तिला सांगितलाच नाय. त्या गाठीला ना चिंधी लागनार, ना कोरडी ऱ्हानार."

दोऱ्या बांधावर ठेवून अंजनाबाई वाफ्यात उतरली. पाणी थंड होतं, आणि टाचांच्या भेगांत जिथे जिथे मेण भरायचं राहिलं होतं, तिथे तिथे झोंबलं.